शाळेत त्रास सोसणाऱ्या पोरासाठी जुडो-कुस्ती: खेड्यातून सुरुवात कशी करायची

गावची जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीपर्यंत. पुढचं हायस्कूल आठ-दहा किलोमीटरवरच्या मोठ्या गावात. एसटीतली मागची सीट, स्टँडवरचा पानठेला, शाळेमागची संडासं आणि मधल्या सुट्टीतलं मैदान, या जागांवर लहानखुऱ्या, जाड्या, बुजऱ्या किंवा अडखळत बोलणाऱ्या पोराला गाठलं जातं. नाव पाडतात, डबा पळवतात, दप्तर नालीत टाकतात, सुपारी-तंबाखूचा खर्रा आणायला पिटाळतात आणि पैसेही त्याच्याच खिशातले घेतात. मग कोणी तरी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतो. पोरगं घरी काही बोलत नाही. फक्त शाळेच्या वेळेला त्याचं पोट दुखायला लागतं.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मुलामुलींना जुडो शिकवतो. अशी पोरं दर वर्षी येतात, बहुतेक वेळा आईसोबत. आई म्हणते, "सर, याले मारता आलं पाहिजे." तिची तळमळ मला कळते. पण माझ्याकडे पहिला महिना कोणी कोणाला मारत नाही, सगळे पडायला शिकतात. त्रास सोसणाऱ्या पोराच्या मनात माराच्या भीतीहून मोठी एक भीती असते: सगळ्यांसमोर कोणी ढकलेल, आपण पडू आणि सगळे हसतील. ही भीती समजावून जात नाही, ती अंगात बसलेली असते. दोस्तांसोबत हसत-खेळत शेकडो वेळा पडून उठलेल्या पोराच्या अंगातून ती हळूहळू उतरते. त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर त्रास थांबवायची जबाबदारी मोठ्या माणसांची आहे, पोराची नाही. या लेखात दोन्ही कामं सांगतो, कारण एकट्या क्लासने भागत नाही.

जुडो ज्यांनी घडवला ते जिगोरो कानो स्वतः असेच होते. जन्म १८६०चा, अंगाने बारीक आणि बुटके. टोकियोत वसतिगृहात राहून शिकताना दांडगी पोरं त्यांना छळायची, म्हणून ते जुजुत्सू ही जुनी जपानी झुंजकला शिकवणारा कोणी मिळतो का हे शोधत होते. १८७७मध्ये गुरू मिळाला. १८८२मध्ये त्यांनी एका देवळाच्या आवारात, १२ चटयांच्या जागेत, आपली कोडोकान ही शाळा सुरू केली. तिथला खेळ १९६४च्या टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोचला. बारा चटयांची जागा आपल्या गावातल्या समाजमंदिराहून लहान असते. जागा नाही म्हणून अडून राहू नका.

आधी काय चाललंय ते समजून घ्या

क्लास लावण्याआधी आठ-दहा दिवस ऐकण्यासाठी ठेवा. समोर बसवून "कोण मारते तुले, सांग" असं विचारलं की पोरगं तोंड मिटून घेतं. सोबत काम करताना ते बोलतं. शेतात मोटर सुरू करायला जाताना, बैल पाण्यावर नेताना, गाडीवर मागे बसलेलं असताना डोळ्याला डोळा नसतो, म्हणून तोंड उघडतं. विचारायचंही आडून: एसटीत कुठं बसतोस? मधल्या सुट्टीत कोणासोबत असतोस? डबा पूर्ण खातोस का?

जे कळेल ते वहीत लिहून ठेवा. तारीख, जागा, कोण होतं, काय झालं, कोणी पाहिलं. मोबाइलवर काही आलं असेल तर स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या मोबाइलवरही जपून ठेवा. पुढे शाळेत ही वहीच बोलते.

दोन गोष्टी मात्र करू नका. "तू पण दोन ठेवून द्यायच्या होत्या" हे वाक्य घरात उच्चारू नका. पोराला त्यातून एवढंच ऐकू येतं की चूक त्याचीच आहे. आणि त्या दुसऱ्या पोराच्या घरी जाऊन आरडाओरडा करू नका. गावात असं भांडण दोन घरांचं होतं, मग दोन भावक्यांचं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा हिशोब तुमच्या पोराकडूनच चुकता केला जातो.

काही बाबतींत सरावाची वाट पाहायचीच नाही. जातीवरून शिवीगाळ किंवा अपमान होत असेल तर १९८९चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अंगाला नको तिथे हात लावणं, कपडे काढायला लावणं, तसले फोटो काढणं हा २०१२च्या पोक्सो कायद्याचा विषय आहे, आणि असं काही कळल्यावर पोलिसांना कळवणं शाळेवरही बंधनकारक आहे. चाकू-ब्लेड दाखवणं, नियमित पैसे उकळणं यातही थेट पोलीस ठाणं गाठा. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, तातडीसाठी ११२. आणि पोरगं "मले जगायचंच नाही" अशा तऱ्हेचं काही बोललं, जेवण-झोप तुटली, तर मानसिक आधारासाठीच्या सरकारी टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिथं फोन करायला लाजू नका आणि त्या दिवसांत पोराला एकटं सोडू नका.

शाळेत अर्ज

तोंडी सांगून परत येऊ नका. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज लिहा, दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. अर्जात "त्रास देतात" एवढंच नको. वहीतल्या तारखा आणि जागा लिहा आणि काय हवंय तेही लिहा: वर्गातली जागा बदलून द्यावी, मधल्या सुट्टीत संडासाच्या बाजूला शिक्षकांची फेरी असावी, सुटी झाल्यावर स्टँडवर एखादे सर दहा मिनिटं थांबावेत. नेमकी मागणी केली की शाळेला काम करणं सोपं जातं. हालचाल नाही झाली तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. मेळघाट, गडचिरोलीकडच्या आश्रमशाळेतलं पोरगं असेल तर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे प्रकल्प अधिकारी. वसतिगृहातलं पोरगं संध्याकाळी घरी येत नाही, त्याचा त्रास चोवीस तासांचा असतो, म्हणून तिथं जास्त घाई करा.

एसटीत पोराला कंडक्टरजवळच्या सीटवर बसायला सांगा आणि कंडक्टरसाहेबांशी एकदा स्वतः बोला. रोजची गाडी असली की ते पोरांना ओळखतात. माझ्या पाहण्यात किती तरी प्रकरणं एवढ्या एका बोलण्याने निम्मी झाली आहेत.

कोणती कला निवडायची

जवळ जे चांगलं शिकवलं जातं ते. हे उत्तर पुष्कळांना आवडत नाही, पण वीस किलोमीटरवरच्या नामांकित क्लासला पोरगं महिन्याभरात जायचं बंद करतं आणि गावातल्या आखाड्यात वर्षभर टिकतं. दोन-तीन पर्याय हाताशी असतील तर मात्र थोडा विचार करा.

कुस्ती आणि जुडो या धरापकडीच्या कला आहेत. त्रास सोसणाऱ्या पोरासाठी मी याच आधी सुचवीन. शाळेतली दादागिरी बहुतेक वेळा ढकलणं, गळपट्टी धरणं, मान दाबणं, खाली पाडणं अशीच असते, आणि या दोन्हींत रोज नेमकं हेच अंगावर येतं. शिवाय समोरच्याला इजा न करता आवरता येतं. जाड्या म्हणून हिणवलेल्या पोराला इथे आपल्या वजनाचा उपयोग पहिल्यांदा कळतो, आणि हडकुळ्या पोराला आपल्याच वजनगटातले जोडीदार मिळतात. लंगोट बांधायला लाजणारं पोरगं असेल तर वस्तादांशी आधी बोला. सुरुवातीला चड्डी-बनियनवर सराव करू देणारे वस्ताद समजूतदार असतात.

दिसायला कमी असलेल्या मुलालाही जुडो खेळता येतो, कारण पकड धरूनच सुरुवात होते. पॅरालिंपिकमध्ये १९८८पासून दृष्टिबाधितांचा जुडो आहे आणि २०२४मध्ये पॅरिसला आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या कपिल परमारने त्यात कांस्यपदक मिळवलं.

कराटे आणि तायक्वांदोचे क्लास तालुक्याच्या गावात सहज मिळतात. उभं राहणं, तोल, आवाज, शिस्त यांसाठी चांगले. फक्त जोडीने सराव होतो का ते पाहा. वर्षभर हवेत ठोसे मारणाऱ्या पोराला कोणी प्रत्यक्ष धरलं की तो पूर्वीसारखाच गोठतो. बॉक्सिंगचं अकोल्यात चांगलं वातावरण आहे, आणि नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१मध्ये युवा जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकल्यापासून मुलीही मोठ्या संख्येने वळल्या आहेत. पण डोक्यावर ठोसे बसणारा सराव पहिल्या वर्षी नकोच. दोरउड्या, पाय हलवणं, बॅगवर मारणं एवढं पुरे.

यातलं काहीच जवळ नसेल तर कबड्डी. हसू नका. चढाईला गेलेल्या पोरावर सात जण धावून येतात आणि त्याला दम टिकवून निसटायचं असतं. कबड्डीचा संघ मिळाला की पोरगं एकटं राहत नाही, आणि त्रास देणारे एकट्यालाच हेरतात.

मुलींच्या बाबतीत शाळेत आधी विचारा. समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, तीन महिन्यांचं. तुमच्या शाळेत या वर्षी कधी होणार हे मुख्याध्यापकांना विचारायचा पालकांना हक्क आहे. तीन महिन्यांत कौशल्य पक्कं होत नाही, पण मुलीचा संकोच मोडतो, आणि पुढचा क्लास लावायला घरचेही तयार होतात. संध्याकाळी परतायचा प्रश्न असेल तर सराव शाळा भरण्याआधी ठेवता येतो का ते पाहा. मानव विकास योजनेची मुलींसाठीची निळी बस शाळेच्या वेळेलाच असते, तिच्या वेळेशी क्लास जुळला तर मुलगी टिकते.

शिकवणारा पारखून घ्या

शाळेतल्या पीटीच्या सरांपासून सुरुवात करा. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासून उभं आहे. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकाने जर्मनीत देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. विदर्भातल्या किती तरी शाळांतले पीटीचे शिक्षक तिथूनच शिकून आलेले आहेत. त्यांनी मल्लखांब, लाठीकाठी, कुस्ती, जुडो यांतलं काही ना काही हाताळलेलं असतं, पण शाळेत त्यांच्याकडे रांगा लावायचं काम येतं. चार पालकांनी मिळून विचारलं तर आठवड्यातून तीन दिवस तासभर द्यायला पुष्कळ सर आनंदाने तयार होतात.

क्लास किंवा आखाडा पाहायला गेलात की फी विचारण्याआधी कोपऱ्यात बसून एक पूर्ण सराव बघा. पालकांना बसू देत नसतील तर तिथूनच परत फिरा. नवीन आणि लहान पोरांशी मोठी पोरं कशी वागतात ते बघा. नव्याला जोरात आपटून हसणारी पोरं आणि ते पाहून गप्प राहणारा शिक्षक म्हणजे शाळेतलाच त्रास पुन्हा. चूक झाली की काठीने मारणारा, सगळ्यांसमोर "बायल्या" म्हणणारा, मुलामुलींना एकट्याला थांबवून घेणारा शिक्षक नको. वर्षभरात काळा पट्टा देतो म्हणणारा तर नकोच. काळ्या पट्ट्याला नियमित सरावाची काही वर्षं लागतात. संघटनेच्या मान्यतेबद्दल शंका असेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारता येतं.

चांगल्या वस्तादाची एक खूण सांगतो. तो पहिल्या दिवशी पोराला त्याचं खरं नाव विचारतो आणि त्याच नावाने हाक मारतो. पाडलेल्या नावाचं ओझं घेऊन आलेल्या पोरासाठी ही फार मोठी गोष्ट असते. पोराचा त्रास शिक्षकाला आधी एकांतात सांगून ठेवा, पोरांसमोर नको.

पहिला महिना: पडणं, उभं राहणं, आवाज

क्लास आठवड्यातून तीन दिवस असला तरी घरी रोज वीस मिनिटं हवीत. त्यासाठी गादी विकत आणायची गरज नाही. बारदान्याची दहा-बारा पोती घ्या, त्यांत सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भरा, दाबून सपाट शिवा, शेजारी शेजारी मांडून वरून ताडपत्री ताणून बांधा. भंडारा-गोंदियाकडे धानाची तणीस वापरा, ती जास्त मऊ असते. भरताना काटे, फणकटं निवडून काढा. दर आठवड्याला पोती उचलून झटका, पावसाळ्यात विंचू आणि साप अशा जागी हमखास शिरतात.

आता मागे पडणं. घाई न करता चार टप्प्यांत.

पहिला टप्पा झोपून. पाठीवर झोपायचं, हनुवटी छातीला लावायची, नजर बेंबीवर. दोन्ही हात छातीवर फुली करून आणायचे आणि तिथून दोन्ही बाजूंना पोत्यावर आपटायचे, तळवे खाली, हात अंगापासून थोडेच दूर. खांद्याच्या रेषेत हात पसरले तर खांदा दुखतो. आपटताना तोंडाने श्वास सोडायचा. डोकं पोत्याला लागतच नाही, हे अंगवळणी पडेपर्यंत पुढे जायचं नाही. दुसरा टप्पा पाय पसरून बसून मागे जायचा, तिसरा उकिडवं बसून, आणि चौथा उभ्याने. उभ्याने पडतानाही आधी गुडघे वाकवून खाली बसायचं, मग गोल पाठीने मागे लोळायचं. प्रत्येक टप्प्याला चार-पाच दिवस द्या. रोज वीस-पंचवीस पडणं पुरे.

यातला मोठा नियम एकच: पडताना हात मागे टेकवायचा नाही. ढकललेलं पोरगं हात मागे टाकतं आणि मनगट किंवा कोपर मोडून घेतं. ही सवय मोडायलाच महिना जातो. पुढून कोलांटी घेऊन पडणं आणि फेकलं जाणं मात्र घरी करायचं नाही, ते शिक्षकांसमोरच. आणि सरावात डोकं आपटलं, मग दुखायला लागलं, उलटी झाली, पोरगं विसरल्यासारखं बोलू लागलं, तर सराव थांबवून त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात दाखवा.

दुसरं काम उभं राहण्याचं. त्रास सोसलेलं पोरगं खांदे पुढे, नजर पायाशी, पाय जुळवून उभं राहतं. एका बोटाने ढकललं तरी डगमगतं. त्याला पाय खांद्याएवढे रुंद, एक पाय अर्धं पाऊल पुढे, गुडघे किंचित सैल, असं उभं करा. मग तुम्ही त्याला छातीवर, खांद्यावर, बाजूने हळूहळू ढकला. त्याने पाय न जुळवता एक पाऊल सरकून पुन्हा तसंच उभं राहायचं. बापाने किंवा मोठ्या भावाने हा सराव घेतला तर फार चांगलं. घरातल्या माणसाच्या हाताचा धक्का पोराला सोसवतो आणि तो हसतो. मी तर म्हणेन, या वीस मिनिटांसाठी बाजारहाट, राजकारण, मोबाइल सगळं बाजूला ठेवा.

तिसरं काम आवाजाचं, आणि हे सगळ्यात अवघड. अंगणात नाही जमत, शेजारी ऐकतात. शेतात न्या. धुऱ्यावर उभं करून समोरच्या धुऱ्यावरून तुम्ही ऐका. "थांब." "हात काढ." "मले आवडत नाही." एवढीच तीन वाक्यं, पोटातून, शब्द न ओढता. शिवी नाही, विनवणी नाही, "प्लीज" नाही. अडखळणाऱ्या पोरासाठी एकच शब्द ठरवा आणि तो श्वास सोडता सोडता म्हणायला लावा. आवाज बसला की त्याच्यासोबत हात वर आणायचे: दोन्ही तळवे उघडे, छातीच्या उंचीवर, समोरच्याकडे. हे हात चेहरा वाचवतात, आणि पाहणाऱ्यांना दिसतं की हा भांडण मागत नाहीये.

गोठण्यावर एक उपाय याच महिन्यात पक्का करा. चार मोजेपर्यंत नाकाने श्वास आत, सहा मोजेपर्यंत तोंडाने बाहेर. बाहेर सोडणं लांब हवं. रोज सरावाआधी पाच मिनिटं केलं की एसटीत चढण्याआधीही आठवतं.

पकड सोडवणं

दुसऱ्या महिन्यापासून जोडीदार लागतो. चुलतभाऊ, मित्र, बहीण, कोणीही. वेग कमी आणि "बस" म्हटलं की दोघांनीही सोडायचं.

मनगट धरलं तर सरळ मागे ओढू नये, जोराच्या माणसासमोर ते चालत नाही. पकड कच्ची असते ती अंगठा आणि बोटं जिथं मिळतात तिथं. एक पाऊल जवळ जायचं, कोपर वाकवायचं, मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे फिरवायची आणि सगळं अंग वळवून हात आपल्याच खांद्याकडे न्यायचा. निघाला की दोन पावलं मागे, तळवे वर, "थांब."

समोरून गळपट्टी धरली तर मान मागे न्यायची नाही. हनुवटी खाली, एक पाय तिरपा मागे, गुडघे सैल, तळवे वर आणि आवाज. बहुतेक पोट्टे गळपट्टी धरतात ती सगळ्यांसमोर घाबरवायला. समोरचा डगमगलाच नाही तर त्यांचा अर्धा खेळ तिथेच संपतो. मागून दप्तर ओढलं तर त्याच दिशेला वळून एक हात पट्ट्यातून काढायचा आणि दप्तर सोडून द्यायचं. वह्या परत घेता येतात. डबा, सायकल, मोबाइल, कशासाठीही झटापट नाही. हे पोराला घरून स्पष्ट सांगा, कारण दप्तर हरवलं तर घरी मार बसेल या भीतीने किती तरी पोरं तिथंच अडकून राहतात.

तिघा-चौघांनी घेरलं तर लढायचं नाही. मध्ये उभं न राहता कडेला सरकायचं आणि जिकडे माणसं आहेत तिकडे निघायचं: दुकान, कंडक्टर, ऑफिस, कोणाचंही उघडं दार. पळून जाणं हाही सरावाचाच भाग आहे. माझ्याकडे दर आठवड्याला "सुटका आणि धाव" खेळतात, आणि त्यात सगळ्यात आधी दारापर्यंत पोचणाऱ्याला टाळ्या मिळतात.

तिसऱ्या महिन्यापासून जुडोत रांदोरी आणि आखाड्यात लढती सुरू होतात, म्हणजे मोकळी झटापट. खरा फरक इथं पडतो. समोरचा पूर्ण जोर लावतोय, आपण पडतोय, उठतोय, कधी तरी त्याला पाडतोय आणि शेवटी दोघं हात मिळवतोय. जोर लावणारा प्रत्येक जण शत्रू नसतो, हे पोराचं अंग इथं शिकतं. या टप्प्याआधी क्लास सोडू देऊ नका. "बोअर होते" म्हणून पोरं नेमकी दुसऱ्या महिन्यात गळतात.

आपलं ऊन, आपली माती, आपला हंगाम

पुण्या-मुंबईचं वेळापत्रक इथं चालत नाही. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे पारा ४५च्या आसपास जातो. या दोन महिन्यांत सराव पहाटे साडेपाच ते साडेसहा, नाही तर दिवे लागल्यावर. सोबत मीठ-साखर-लिंबाचं पाणी. चक्कर, मळमळ, घाम अचानक थांबणं ही लक्षणं दिसली की सावली, ओलं फडकं आणि दवाखाना.

काळ्या रेगडी मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पाय मुरगळतो. पावसाळ्यात तीच माती पायाला किलोभर चिकटते. त्यामुळे धावण्यासाठी डांबरी रस्त्याची कड किंवा शाळेचं मुरूम टाकलेलं मैदान, आणि पाऊस असला की समाजमंदिर. ग्रामपंचायतीला अर्ज दिला तर संध्याकाळी तासभर जागा मिळते.

आमच्याकडच्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाला उघडतात. क्लास सुरू करायला एप्रिल चांगला, म्हणजे शाळा उघडताना दोन महिन्यांचा सराव अंगात असतो. सोयाबीन काढणी, मग कापूस वेचणी आली की पोरांना शेतात जावं लागतं. तेव्हा क्लास एक दिवसावर आणा, पण घरचा वीस मिनिटांचा सराव तोडू नका. वेचणीहून आलेल्या पोराला जोर-बैठका नकोत, फक्त पडणं आणि श्वास.

खाण्यासाठी डबे-पावडरी विकत घेऊ नका. या वयाच्या पोराला दिवसाला साधारण ४५ ते ५५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, मूठभर भिजवलेला हरभरा, शेंगदाणा-गूळ, जवसाची चटणी, चालत असतील तर दोन अंडी यांत ती भागतात. सकाळी उपाशी शाळेत जाणाऱ्या पोराचा आवाजही निघत नाही.

शाळेत प्रत्यक्ष वेळ आली तर

क्लास लावल्याचं गाजवू नका. ड्रेस घालून काढलेला फोटो स्टेटसला टाकला की दुसऱ्या दिवशी "दाखव ना बे तुझा कराटे" सुरू होतं. त्यावर उत्तर ठरवून द्या: "क्लासमधी ये, तिथं खेळू." आणि चालू लागायचं. शाळेत प्रात्यक्षिक दाखवायचं नाही, मैत्रीतही नाही.

कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क आहे. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ त्याबद्दल आहेत, आणि त्यांतच मर्यादाही आहे: बचावाला लागेल तेवढंच. पकड सोडवली, ढकलून वाट काढली, निघून गेलं, इथपर्यंत बचाव. खाली पडलेल्याला आणखी एक लाथ घातली की तो बचाव राहत नाही. पोराला हे नुसतं सांगू नका, सरावात बसवा. सुटला की मागे सरकायचं, दर वेळी. आणि असं काही घडलं की त्याच दिवशी घरी आणि शाळेत सांगायचं, वहीत लिहायचं.

फरक कुठे दिसतो? आधी घरात. पोरगं जास्त जेवतं, भावंडांशी वाद घालतं, एसटीत खिडकीची सीट मागतं, वर्गात हात वर करतं. हिणवणं लगेच थांबत नाही, पण त्याचा परिणाम कमी होतो. उलट बाजूलाही लक्ष ठेवा. लहान भावाला पकडीत धरून रडवणं, शाळेत दुसऱ्या बुजऱ्या पोराला टपली मारणं सुरू झालं तर शिक्षकांना सांगून त्याच्या लढती आठवडाभर बंद करा, आणि त्या आठवड्यात त्याच्याकडे नव्या पोरांना पडायला शिकवायचं काम द्या. दुसऱ्याचं डोकं आपटू नये म्हणून हात धरणारं पोरगं फार लवकर बदलतं.

वर्ष झालं की स्पर्धेचा विषय निघतो. शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात आणि वजनगट वेगळे. पीटीच्या सरांना शाळा उघडल्याबरोबर विचारा, जन्मदाखला आणि आधार तयार ठेवा. वजन उतरवण्यासाठी उपाशी ठेवू नका, ज्या गटात बसतो त्यातच खेळू द्या. नाव द्यायचं की नाही हे पोरालाच ठरवू द्या. नको म्हणाला तर त्या वर्षी नको. त्याला गाद्या टाकायला, वजनाची यादी लिहायला संघासोबत न्या, आणि पुढच्या जुलैत पुन्हा एकदा विचारा.